‘पुद्गलच ते, जाणारच’ म्हणण्याआधी



लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, त्यातलं सगळं गेलं, असं कुणी सांगितलं की आपल्यातली एखादी तरी पटकन म्हणते, “जाऊ दे गं, पुद्गलच ते. आज ना उद्या जाणारच होतं. मोह कशाला धरायचा?” ऐकायला फार बरं वाटतं. समोरचीला थोडा धीरही येतो. पण मला हे बोलणं पटत नाही, आणि आज त्यावरच लिहायचं आहे.

अनित्य भावना गेलेल्या वस्तूचा शोक आवरायला सांगितली आहे. हातात असलेली वस्तू डोळ्यांदेखत बिघडत असताना तिच्याकडे पाठ फिरवणं याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे: प्रमाद. दूध वर येताना दिसलं तर ‘पुद्गलच ते’ म्हणत आपण ओट्याशी उभ्या राहत नाही, आधी गॅस बंद करतो. मग त्या लॅपटॉपनेच काय पाप केलंय?

आणि आपल्या लॅपटॉपमध्ये असतं तरी काय, ते एकदा बघा. महिला मंडळाचा पाच वर्षांचा हिशोब. चातुर्मासात कोणाच्या घरी कधी चौका, त्या पाळ्यांची यादी. पाठशाळेच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका. आईवडिलांच्या शिखरजीच्या यात्रेचे फोटो. महाराजांच्या प्रवचनाचं ध्वनिमुद्रण, आणि ते ऐकून कुणीतरी रात्री जागून टाइप केलेली पानं. पूर्वी हे सगळं वहीत असायचं. वही भिजली तर उन्हात वाळवून वाचता यायची, उंदराने कोपरा कुरतडला तरी मधला मजकूर राहायचा. डिस्कचं तसं नाही. ती जाते तेव्हा बहुतेक वेळा एकदम सगळं घेऊन जाते.

मात्र जाण्याआधी ती बऱ्याचदा सांगते. आपणच ऐकत नाही.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. लॅपटॉपमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे. त्यांच्यावरून एक बारीक टोक फिरतं, जे लिहितं आणि वाचतं. ते चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि ते अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असतं. आता विचार करा, लॅपटॉप चालू असताना तो एका हाताने उचलून पलंगावर टाकला तर आत काय होत असेल! मुनींच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे, वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायचं भान. कमंडलू आणि शास्त्रासाठी सांगितलेली गोष्ट मी लॅपटॉपला लावते म्हणून आमच्याकडे सगळे हसतात. हसू देत. फिरती डिस्क असलेला लॅपटॉप बंद करून, दोन्ही हातांनी उचलावा, हे कोणताही दुरुस्तीवाला सांगेल.

खुणा कोणत्या? एखादा ठराविक फोल्डर उघडायला गेलं की सगळं थिजतं. कालपर्यंत उघडणारा फोटो अर्धा करडा दिसतो. लॅपटॉप सुरू करताना दर वेळी स्वतःहून डिस्क तपासायला बसतो. फाइल कॉपी करताना मध्येच थांबतो आणि ‘वाचता येत नाही’ असं सांगतो. आणि सर्वांत वाईट खूण म्हणजे आवाज: टक, टक, टक, किंवा खरवडल्यासारखा. नुसता लॅपटॉप हळू झाला तर त्याला दहा कारणं असू शकतात, पण वरच्यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर ‘जुना झालाय’ म्हणून सोडू नका.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदही ठेवते. त्या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की निळ्या रंगात ‘गुड’, पिवळ्यात ‘कॉशन’ किंवा लाल रंगात ‘बॅड’ दिसतं. त्यात ‘रिअॅलोकेटेड सेक्टर’ अशी एक ओळ असते. डिस्कमध्ये काही जागा राखीव असते. एखादा तुकडा खराब झाला की डिस्क त्याऐवजी राखीव तुकडा वापरते, आणि असे किती बदलले ते त्या ओळीत मोजलेलं असतं. ‘पेंडिंग’ म्हणजे जे तुकडे धड वाचताही येत नाहीत आणि अजून बदललेलेही नाहीत. हे आकडे एका आठवड्यात वाढताना दिसले तर नवीन डिस्कची तयारी करा. मात्र ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नका. काही डिस्क शेवटपर्यंत ‘गुड’ सांगत जातात, माणसांसारख्याच.

आमच्या वन्संकडे गेल्या चातुर्मासात काय झालं ते सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्यांच्या सासूबाईंची नजर शेवटच्या दोन वर्षांत गेली होती, पण भक्तामर पूर्ण तोंडपाठ. त्यांची चाल माहेरची, बेळगावकडची. आता कॅसेट आणि मोबाइलमुळे सगळीकडे एकच चाल ऐकू येते, ती नव्हे. वन्सं रोज दुपारी एक काव्य मोबाइलवर मुद्रित करून घ्यायच्या. अठ्ठेचाळीस दिवसांत अठ्ठेचाळीस काव्यं. मध्ये मध्ये सासूबाई थांबून अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत काहीतरी सांगायच्या, तेही त्यात आलेलं. मोबाइल भरला तेव्हा सगळं लॅपटॉपवर टाकलं आणि मोबाइलवरून पुसलं. पुढे सासूबाई गेल्या.

लॅपटॉप महिनाभर अडखळत होता. घरात दोन इंजिनिअर आहेत, दोघांनीही “रॅम कमी पडतोय” असं सांगून विषय संपवला. एका दुपारी टकटक सुरू झाली. दुकानात नेला तर तिथला मुलगा म्हणाला, “काकू, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा चालेल.” वन्संनी तिथूनच मला फोन केला. मी म्हटलं, काहीही मारू देऊ नका, बंद करा आणि घेऊन या. दुसऱ्या एका जाणत्या दुरुस्तीवाल्याने डिस्क बाहेर काढली आणि दोन रात्री लावून जेवढं वाचता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. एकतीस काव्यं पूर्ण मिळाली. पाच अर्धी वाजतात. बारा गेली.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. त्याच्या दृष्टीने बिघडलेला लॅपटॉप चालू करून देणं हे काम. आपल्या दृष्टीने लॅपटॉप म्हणजे नुसता डबा, आतला ऐवज महत्त्वाचा. म्हणून दुकानात पहिलं वाक्य आपलं असलं पाहिजे: “लॅपटॉप चालला नाही तरी चालेल, आतलं आधी काढून द्या. त्याआधी फॉरमॅट करायचं नाही.”

आता डिस्क आजारी आहे असं कळलं तर घरी काय करायचं? टकटक किंवा खरवडण्याचा आवाज येत असेल तर काहीच नाही, ताबडतोब बंद. पुन्हा पुन्हा चालू करून ‘आता होतंय का’ बघण्यात प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडे वाढण्याची भीती असते. जे परत मिळवायचं ते इतकं मोलाचं असेल तर धूळविरहित खोलीत डिस्क उघडून काम करणाऱ्यांकडे जावं लागतं, आणि तो खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट असतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कुणीतरी सांगेलच. नका करू. आत दमटपणा धरतो आणि उरलीसुरली आशाही जाते. स्क्रू काढून उघडून बघण्याचंही तसंच.

आवाज नाही, नुसती अडखळते आहे, तर उरलेल्या वेळात कॉपी करायची. इथे बहुतेक जणी, आणि त्यांचे मालकही, एक गोष्ट उलटी करतात. आधी डिस्क ‘दुरुस्त’ करायला घेतात. विंडोजमधली चेकडिस्क किंवा डीफ्रॅग चालवतात. ती पूर्ण डिस्क खालपासून वरपर्यंत घासून काढते. मरणाऱ्या माणसाला जिने चढायला लावावं तसं. शिवाय चेकडिस्क ‘नीटनेटकं’ करताना तुटक्या फाइलींचे तुकडे भलतीकडे टाकू शकते. तपासणी नंतर, कॉपी आधी. आणि कॉपी त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर नाही. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असू शकतात. घर पडलं तर दोन्ही पडतात.

कॉपी कशापासून सुरू करायची, हाच खरा प्रश्न. डिस्क किती तास देईल सांगता येत नाही. वन्संच्या पुतण्याने दुसऱ्यांदा असा प्रसंग आला तेव्हा सर्वांत आधी लग्नाचा चाळीस जीबीचा व्हिडिओ लावला होता! तो व्हिडिओ दोन्ही घरांकडे आहे, फोटोग्राफरकडेही असेल. मी म्हणते, जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी. बहुधा ते लहानच असतं. सासूबाईंचा आवाज, वडिलांनी लिहिलेली कुळाची हकिकत, मंडळाचा हिशोब. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर पुन्हा मिळतात. एका फोल्डरपाशी अडलं तर तिथे झुंजत बसू नका, ते सोडून पुढचं घ्या, अडलेल्याकडे शेवटी परत या. जाणकार लोक वापरतात ते डीडीरेस्क्यू नावाचं साधनही हेच करतं, आधी सोपं उचलतं आणि मग अवघडाकडे वळतं.

परिग्रह परिमाण हे व्रत मला इथे फार जवळचं वाटतं. एरवी आपण एकाच मूर्तीचे सतरा फोटो ठेवतो, व्हॉट्सअॅपवर आलेल्या ‘शुभ सकाळ’च्या फुलांसकट. त्या ढिगात खरी वस्तू कुठे पडली आहे तेच ठाऊक नसतं. डिस्क अडखळायला लागल्यावर शोधायला बसलो तर वेळ शोधण्यातच जातो. आजच एक फोल्डर करा, ‘दुसरीकडे नाही’ असं सरळ नाव द्या, आणि त्यात टाकायचं ते टाका. माझा तो फोल्डर चार जीबीच्या आतच बसला. उरलेलं शेकडो जीबी मी कशासाठी सांभाळत होते हे मलाच सांगता आलं नाही.

काही जणी म्हणतील, एका प्रतीचा एवढा बाऊ कशाला. त्यांना मी मूडबिद्रीची आठवण करून देते.

धरसेनाचार्यांनी गिरनारच्या चंद्रगुफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं, कारण स्मरणात राहिलेलं श्रुत आता लोप पावेल अशी त्यांना चिंता होती. त्यातून षट्खंडागम लिहिलं गेलं, आणि ते पूर्ण झाल्याचा दिवस म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी करतो. त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका इ.स. ८१६ मधली. हा एवढा मोठा ठेवा पुढे फक्त कर्नाटकातल्या मूडबिद्रीला, ताडपत्रांवर उरला. शेकडो वर्षं सगळं एकाच गावात. लोक जायचे, दर्शन घ्यायचे, नमस्कार करून परत यायचे. वाचणारं जवळपास कुणी नव्हतं, आणि कसर ताडपत्राला सोडत नाही. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी प्रती करून घेण्याचं मनावर घेतलं तेव्हा एकोणिसावं शतक संपत आलं होतं. प्रती झाल्या, तरी त्या मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत अशीच तिथल्यांची भूमिका होती.

त्या कामावर असलेल्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप एक कानडी प्रत आणखी तयार केली. या कामात मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत अशी त्यांची तळमळ होती. ती प्रत सहारनपूरला गेली, तिथे नागरीत उतरली, नागरी करणाऱ्या शास्त्रींनी स्वतःसाठी एक ठेवून घेतली, तीवरून आणखी झाल्या, आपल्या कारंज्यालाही एक आली. १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापला. आज आपल्या मंदिराच्या कपाटात ते सोळा खंड आहेत. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले: ताडपत्र, कागद, तांबं.

गुपचूप प्रत करणं अचौर्यात बसतं का, असं मला एका पाठशाळेतल्या मुलीने विचारलं होतं. मी तिला सरळ उत्तर देऊ शकले नाही, आजही देता येणार नाही. पण लक्ष्मीबाईंचं नाव आपल्या किती जणींना माहीत आहे? रात्री दिव्याशी बसून दुसरी प्रत करणाऱ्या बाईचं नाव श्रुतपंचमीच्या भाषणात एकदा तरी घ्यावं, असं मला वाटतं. आपण शास्त्रदान करतो, म्हणजे तरी काय? प्रत काढून दुसऱ्याच्या हाती देणं.

आणि ही प्रत काढायचं काम आपण स्वतः करावं, असा माझा आग्रह आहे. मुलगा पुण्याहून दिवाळीला येईल तेव्हा करेल, ह्यांना रविवारी वेळ मिळेल, अशी वाट बघणारी डिस्क मी अजून पाहिली नाही. लोणच्याच्या बरणीला आपण कुणाच्या हातची वाट बघतो का? बाहेरून जोडायची एक डिस्क घ्या, यूएसबीत खोचा, ‘दुसरीकडे नाही’ फोल्डर ओढून तिच्यावर टाका. एवढंच आहे. इंग्रजी अडलं तर शेजारच्या मुलीला एकदा बोलवा, दुसऱ्यांदा गरज पडणार नाही. मग तीच डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी चोरीला गेली तर दोन्ही जातात. तिसरी प्रत घराबाहेर हवी, बहिणीकडे, माहेरी, किंवा गूगलच्या खात्यावर, तिथे १५ जीबीपर्यंत पैसे लागत नाहीत. पेनड्राइव्ह नेण्याआणण्यापुरता बरा, वर्षानुवर्षं साठवायला त्याच्यावर विसंबू नये. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो लहान होऊन जातात, ती प्रत समजू नका.

नवीन लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, म्हणून आमचं काही जात नाही, असं एका सखीने ऐकवलं. एसएसडीत फिरणारं काही नाही, धक्का सोसते, हे खरं. पण ती जाते तेव्हा टकटकही करत नाही. रात्री होती, सकाळी नाही. चुकून पुसलेलंही तिच्यातून परत मिळणं अवघड. शिवाय हल्ली पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, बिटलॉकर म्हणतात त्याला. लॅपटॉप बिघडला आणि डिस्क दुसरीकडे लावली की ती लांबलचक किल्ली मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते, आणि ते खातं कुठल्या ईमेलवर, पासवर्ड काय, हे घरात कुणालाच आठवत नाही. आज शोधून काढा, वहीत लिहा. शाईने.

श्रुतपंचमीला मंदिरातले ग्रंथ काढून आपण धूळ झटकतो, पानं बघतो, वेष्टन बदलतो. आमच्या मंडळात यंदापासून त्याच दिवशी दुपारी प्रत्येकीने आपली बाहेरची डिस्क जोडून दोन-चार फाइली उघडून बघायच्या असं ठरलं आहे. प्रत काढली आणि ती उघडतच नाही, असंही होतं. ते संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा त्या दिवशी कळलेलं बरं. वन्सं येणार आहेत. सासूबाईंची चाल त्यांच्या कानात पक्की आहे, त्यामुळे गेलेली बारा काव्यं त्या स्वतःच्या आवाजात त्याच चालीवर म्हणून घेत आहेत. नऊ झाली. मधलं कानडी-मराठी बोलणं मात्र त्यांना नीट आठवत नाही.

जाता जाता एक. मेलेली डिस्क भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका. आपल्याला वाचता येत नसली तरी दुसऱ्या कुणाला येऊ शकते, आणि तिच्यात मंडळाच्या बायकांचे फोन नंबर, बँकेचे तपशील असतात. चालू स्थितीत असेल तर पूर्ण पुसून, नसेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. दुरुस्तीच्या दुकानात डिस्क बदलली तर जुनी परत मागा, आणि लॅपटॉप हवाली करतानाच पावतीवर तसं लिहून घ्या.